देवाजीभाऊ सुखी घोषित होतात

जिवंत मनुष्यास सुखी म्हणू नये, याविषयी प्राचीन ग्रीस देशातील पंडित आणि आमच्या ठाण्याचे जमादारसाहेब यांचे संपूर्ण एकमत आहे. पंडितांचे कारण तात्त्विक होते. जमादारसाहेबांचे कारण मी होतो.

सावली तालुक्यातील आमच्या गावी, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, बसथांब्यासमोर माझे झेरॉक्स व छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, शोकपत्रिका, वाढदिवसाचे फलक, मानपत्रे इत्यादींचा मजकूर मी स्वतः रचतो. माझे शिक्षण अकरावीत खंडित झाले; वाचन मात्र खंडित झाले नाही, कारण यंत्रातून निघणारा कोणताही कागद मी वाचल्यावाचून गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. अशा रीतीने सातबारे, जातीचे दाखले, शेजाऱ्यांचे परस्परांविरुद्धचे अर्ज आणि बी. ए.चा बहुतांश अभ्यासक्रम माझ्या नजरेखालून गेलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात गडचिरोलीच्या एका प्राध्यापकांची टिपणे प्रती काढण्यासाठी आली. विषय होता ग्रीक नीतिविचार. यंत्र तापले म्हणून मधे विसावा द्यावा लागला आणि त्या विसाव्यात मी कायमचा बिघडलो. किती सुंदर विचार! प्रत्येक सद्गुण हा दोन दुर्गुणांच्या मधोमध उभा असतो. धैर्य हे भ्याडपणा आणि अविचार यांच्या मध्ये. औदार्य हे चिक्कूपणा आणि उधळपट्टी यांच्या मध्ये. सद्गुण जन्मतः मिळत नाही, पुनःपुन्हा आचरण करून तो अंगी मुरतो. आणि सुख म्हणजे घटकाभराची मौज नव्हे, तर सद्गुणाने जगलेले अवघे आयुष्य होय. शेवटच्या पानावर एक वाक्य होते : आयुष्य परिपूर्ण झाल्यावाचून कोणासही सुखी म्हणू नये. या वाक्याखाली प्राध्यापकांनी लाल रेघ ओढली होती. माझे यंत्र काळ्यापांढऱ्या प्रती काढते. त्यामुळे तो धोक्याचा इशारा माझ्या प्रतीत साध्या काळ्या रेघेच्या रूपाने उतरला.

मी पत्नीला, गिरजाला, धैर्याचा भाग वाचून दाखवला.

"म्हंजे तुमी कुठी आहा जी यात?" तिने भाकर थापता थापता विचारले.

"मध्यबिंदूच्या किंचित अलीकडे," मी म्हणालो.

"किंचित! काल न्हानीत बेडूक निघाला तं मलेच धाडलं तुमी."

पत्नी ही तत्त्वज्ञानाची पहिली परीक्षा असते, असे त्या टिपणांत कोठेही लिहिलेले नव्हते. परंतु ते लिहावयास हवे होते.

माझ्या मनाने असे घेतले की, येत्या सव्वीस जानेवारीस झेंडावंदनानंतर गावातील एका सद्गुणी व सुखी व्यक्तीचा जाहीर सत्कार व्हावा. आमच्याकडे सत्कार विपुल होतात; परंतु ते निवडून आलेल्यांचे किंवा बदली होऊन गेलेल्यांचे. केवळ चांगला आहे म्हणून कोणाच्या खांद्यावर शाल पडल्याचे मला आठवत नव्हते.

शेजारचे भैयाजी हे माजी उपसरपंच. ही कल्पना ऐकताच ते म्हणाले, "बहुत बढिया! पन शालिकभाऊ, नाव सुचवाले मी कसा सांगू? आपल्याच तोंडानं बरं नाई दिसत." नंतर आपल्याच तोंडाने त्यांनी अर्धा तास सांगितले. मी त्यांना मध्यबिंदूच्या कसोटीवर घासून पाहिले. औदार्य होते, परंतु ते ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या बाबतीत होते. धैर्य होते, परंतु ते निवडणुकीपुरते होते. मी त्यांना इतकेच म्हणालो की, आपण पुढील वर्षी विचारात घेऊ. सत्य सांगणे आणि शेजार टिकवणे यांच्याही मधोमध एक बिंदू असतोच.

सर्व गाव असे मनातल्या मनात घासून झाल्यावर उरले देवाजीभाऊ. तलावात मासे धरणाऱ्या कुटुंबांतले हे सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ. आमच्याकडे जाळे ओढल्यावर माशांचे वाटे पाडतात, आणि ज्याने वाटे पाडले त्याने शेवटी उरलेला वाटा उचलायचा, असा रिवाज आहे. पाडणाऱ्याचा हात न्यायाने चालावा म्हणून ही युक्ती. देवाजीभाऊंनी जन्मभर वाटे पाडले आणि त्यांच्या वाट्याबद्दल कधी कोणी ब्र काढला नाही. धैर्याचे म्हणाल, तर मागे पूर आला तेव्हा पलीकडे अडकलेल्यांसाठी त्यांनी एकट्याने डोंगा पाण्यात घातला, आणि पाणी फिरलेले पाहून अर्ध्यातून तो परतही आणला. दुसऱ्या खेपेस ते सर्वांना घेऊन आले. पहिल्या खेपेस लोक हसले होते. ते पंडित हसले नसते.

ग्रामसेवकांनी मात्र हरकत काढली. "सुखी म्हणून ठराव घेता येत नाही. उद्या यांचं निराधारांचं अनुदान तपासाले कोनी आलं, अन् रेकॉर्डवर माणूस सुखी निघाला, तं मी काय उत्तर देऊ?" पुष्कळ विचारविनिमयानंतर "तत्त्वतः सुखी" असा शब्दप्रयोग मंजूर झाला. प्रत्यक्षात दुःखी राहण्याची मुभा त्यात अबाधित होती.

आता फलकाचे सांगतो. कारण अनर्थाचे अर्धे मूळ त्यात आहे. एकट्या वृद्ध गृहस्थाचे छायाचित्र बसेल असा एकच नमुना माझ्या संगणकात होता. तो श्रद्धांजलीचा होता. त्यातील "भावपूर्ण" हा शब्द मी काढला, तारखा काढल्या, कोपऱ्यातील उडते कबूतरही मोठ्या कष्टाने काढले. समई मात्र निघेना. तिचा उजेड देवाजीभाऊंच्या कानावर पडला होता. समई काढली की कान जात असे. मी कान ठेवला.

सव्वीस जानेवारीस सर्व गाव शाळेच्या पटांगणात जमले. देवाजीभाऊ धुवट धोतरात, खुर्चीच्या अगदी कडेवर, चोरून बसल्यासारखे बसले होते. कोणा उत्साही तरुणाने उरलेला हार फलकाला घातला. मी मानपत्र वाचले :

"मनुष्याचे आयुष्य परिपूर्ण झाल्यावाचून त्यास सुखी म्हणता येत नाही, या प्राचीन वचनाचे स्मरण ठेवून, श्री. देवाजी यांना आज आम्ही सर्वानुमते सुखी घोषित करीत आहोत."

टाळ्या पडल्या. देवाजीभाऊंनी एकदा हार घातलेल्या फलकाकडे पाहिले, समईकडे पाहिले, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारले, "शालिकभाऊ, म्हंजे माह्यं झालं का जी?"

त्या क्षणी मी खोटे बोलावयास हवे होते. परंतु सत्यप्रियता हाही त्या टिपणांत एक सद्गुण होता.

"तत्त्वतः होय," मी म्हणालो.

ध्वनिक्षेपक चालू होता.

देवाजीभाऊंनी मान डोलावली, शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि ते घरी जाऊन निजले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी गुणाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "काय वाचून दाखवलं जी तुमी माह्या बुढ्याले? चाय पेत नाई. तंबाखू मांगत नाई. जाळं गुंडाळून खुटीले टांगलं अन् भिताकडं तोंड करून पडला आहे. काय होते विचारलं तं म्हनते, काई नाई होत, आपलं झालं."

"बाई, तो गौरव होता."

"गौरव असा रायते? आमच्या घरी ज्याले ज्याले हार घातला, थो फोटोतच आहे."

मी त्यांना धीर दिला आणि त्या गेल्यावर दुकानाचे दार अर्धे लोटून घेतले.

सायंकाळी भैयाजी आले. एरवी ते गल्ल्याजवळ बसत. त्या दिवशी दाराबाहेर उभ्यानेच बोलले. "गावात गोठ चालू आहे, शालिकभाऊ. वाईट नका मानू. लोक म्हनतेत, मांगच्या साली ज्याच्या ज्याच्या शोकपत्रिका तुमी छापल्या, थे सगळेच्या सगळे मेले."

"भैयाजी! माणूस मेल्यावरच शोकपत्रिका छापतात!"

"थे तुमाले मालूम. लोकायले काय मालूम आधी कोनतं झालं?" ते जरा मागे सरकले. "अन् तुमची मशीन. मानसाचा फोटो खालून उजेड मारून आत घेते, अन् दुसरा बाहीर काढते. माह्या आधार कार्डाची कापी आहे का जी तुमच्यापाशी? असन तं देऊन टाका."

मी हसण्याचा प्रयत्न केला. आवाज खोकल्यासारखा आला, आणि भैयाजी दोन पावले आणखी मागे गेले.

येथे लेखणी क्षणभर थांबवणे मला भाग आहे. आमच्या भागात करणीचा संशय ही हसण्याची वस्तू नाही. कोणाचे मूल आजारी पडावे, कोणाची म्हैस आटावी, आणि गावाने एखाद्या दाराकडे एकदम पाहू लागावे. मग त्या दारातील माणसे ओढून चौकात आणली जातात. मारणारे परके नसतात. ते आपल्याच दुकानात झेरॉक्स काढून गेलेले असतात. मी अशा घटनांची कात्रणे प्रती काढताना वाचलेली आहेत. वाचताना मी नेहमी पाहणाऱ्यांच्या गर्दीत उभा असे. आता प्रथमच गर्दी माझ्याकडे तोंड करून होती.

दुसऱ्या दिवशी एकही गिऱ्हाईक आले नाही. रस्त्याने जाणारी माणसे माझ्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या काठाने जाऊ लागली. कोणीतरी पायरीवर लिंबू ठेवून गेले. गिरजाने ते चिमट्याने उचलून गटारात टाकले आणि मला विचारले, "आता मधल्या बिंदूच्या अलीकडं का पलीकडं?" मी यंत्रामागे बसलो होतो.

देवाजीभाऊंचा मुलगा अंकुश कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात मजुरी करतो. बातमी लागताच तो आला. त्याच्यामागे तलावावरची दहाबारा माणसे होती. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

"काका," तो म्हणाला, "माह्या बाबानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

"अंकुश, ऐक, ग्रीस नावाचा एक देश..."

"मी तुमाले हात नाई लावत, काका. तुमी माह्या लग्नाच्या पत्रिका छापल्या. पन बाबाले काई झालं, तं मी लोकायले थांबवनार बी नाई."

ते गेले. भीतीचाही मध्यबिंदू असतो, असे टिपणांत होते : योग्य गोष्टीची, योग्य प्रमाणात भीती बाळगावी. गोष्ट योग्य होती. प्रमाण ठरवावयास कोणी शांत मनुष्य हवा होता, आणि तेथे मीच होतो.

मी सावलीला ठाण्यात गेलो आणि संरक्षण मागितले. जमादारसाहेबांनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली, आणि नंतर विचारले, "म्हंजे बुढ्याले तुमी सांगतलं का त्याचं आयुष्य संपलं?"

"परिपूर्ण झाले, असे सांगितले."

"लोकायसमोर?"

"ध्वनिक्षेपकावरून."

"कोनाच्या नावानं?"

"ग्रीस देशातील प्राचीन पंडितांच्या."

त्यांनी पेन उघडले. "परदेशी मांत्रिक लिहू का?"

त्यांनी समजावून सांगितले की, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. भविष्य सांगून कोणाच्या मनात भय घालणे त्यात येऊ शकते. आणि सध्या जी हकीकत मी माझ्याच तोंडाने दिली, तीत तक्रारदार व आरोपी हे दोन्ही मीच दिसतो. मी विनंती केली की, मला केवळ तक्रारदार ठेवावे.

"पाहा, गावात गाडी फिरवतो मी, लोकायले समजावतो. कोनी हात उचलला तं सोडनार नाई," ते म्हणाले. "पन तुमची गोठ बुढ्यावर आहे. बुढा उठला, तं कोनाचंच काई नाई. अन् नाई उठला..." त्यांनी पेन बंद केले. "कशाले करता जी असे उद्योग? चांगला माणूस दिसला तं राम राम करावं अन् पुढं जावं."

परतताना मी सरळ देवाजीभाऊंकडे गेलो. अंगणात माणसे बसली होती. मला पाहून ती बोलायची थांबली आणि मधून एक वाट मोकळी झाली. अशा वाटेने चालणे किती कठीण असते, हे सत्कारमूर्तीस आणि संशयितासच ठाऊक असते.

देवाजीभाऊ भिंतीकडे तोंड करून निजले होते. ओठ सुकलेले. मी म्हणालो, "भाऊ, माझी चूक झाली. ते वचन मेलेल्यांसाठी आहे. तुम्ही जिवंत आहात, म्हणून तुम्ही सुखी नाही. समजले ना?"

"समजलं," ते म्हणाले. "मरन तेवढं बाकी आहे."

तर्कशास्त्राचा इतका भयंकर उपयोग मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मग ते आपणहून बोलले. "मी भेत नाई म्हनलो तं खोटं होईन, शालिकभाऊ. लय भेव वाटते. तुमी सांगतलं, झालं, तं मी घरी येऊन पाह्यलं. म्हनलं, काई तं बाकी असन. जाळं पाह्यलं, तं सांधलेलं. डोंगा पाह्यला, तं डांबर मारलेला. पोरीचं लग्न झालं, पोट्टा कामाले लागला. वाटे बरोबर पाडले. मंग म्हनलं, बाप्पा, खरंच काई बाकी नाई ना. मानसाले उठाले काईतरी बाकी लागते जी."

त्यांनी पुन्हा तोंड भिंतीकडे केले. मला रडू आले. ते कोणासाठी होते, याची मी चौकशी केली नाही.

बाहेर येऊन मी ग्रामसेवकांचे पाय धरावयाचेच बाकी ठेवले. ठराव रद्द करा, म्हणालो. ते म्हणाले, "रद्द कराले कारन लागते. सद्गुणी म्हनून ठराव झाला. आता दुर्गुण सिद्ध करावा लागन. अन् थे सभेत."

अशा प्रकारे, एका चांगल्या मनुष्याचे दुर्गुण शोधण्यासाठी आमच्या गावाची विशेष सभा त्याच्याच अंगणात भरली. सकाळची वेळ होती. दार उघडे ठेवले होते, म्हणजे आतून ऐकू यावे. जमादारसाहेब शब्दाला जागून आले होते आणि कुंपणाशी टेकून उभे होते. दुर्गुण ग्राह्य की अग्राह्य हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. कारण कसोटी माझ्याच कागदात होती.

अखेर भैयाजी उठले. "भजनात बेसूर गाते."

"ही कलेतील उणीव आहे, नीतीतील नव्हे. अग्राह्य," मी म्हणालो.

"ग्रामसभेत घोरते," कोणीतरी ओरडले.

"ग्रामसभेत झोप येणे हे योग्य प्रमाणातच आहे. अग्राह्य."

"माहा लाकूड तासाचा वासला नेला अन् वापस द्यायले दिवाळी लावली!"

"परंतु दिला. आणि धार लावून दिला, असे आपणच मागे सांगितले होते. अग्राह्य."

"अबे, मान ना!" अंकुश उसळला. "माहा बाप मरून राह्यला अन् तू मार्क कापून राह्यला काय?"

गर्दी एक पाऊल पुढे आली. जमादारसाहेब कुंपणापासून सरळ झाले. तथापि सत्य असे की, मला मानता येईना. खोट्या दुर्गुणाने तो आतला मनुष्य उठणार नाही, हे मला त्या अंगणात सर्वांपेक्षा अधिक ठाऊक होते. तो वाटे पाडणारा होता. खरे वजन त्याच्या हाताला कळत असे.

तेव्हा गुणाबाई उठल्या. पदर खोचला. दाराकडे पाठ करून, आम्हा सर्वांकडे पाहून त्या बोलल्या.

"मी सांगतो. या मानसाले राग येत नाई."

लोक निराश झाले. "बाई, हा तं गुणच झाला," भैयाजी म्हणाले.

"तुमच्यासाठी गुण झाला. माह्यासाठी नाई." त्या थांबल्या नाहीत. "मी नवी नवरी होती. याच्या मायनं मले चार बायांत म्हनलं, हात लावन तं भांडं बाटते, कोनाच्या घरची उचलून आनली. माह्या बापाचं नाव घेऊन म्हनलं. मी चुलीपाशी रडत होती अन् हा दारात बसून जाळं सांधत होता. वर पाह्यलं नाई यानं. मी म्हनलं, एक शब्द बोला जी. तं हा म्हने, जाऊ दे. सारी जिंदगी गेली माही, थे जाऊ दे गेलं नाई."

माझ्या हातात टिपणे होती. मी पान उलटले, पुन्हा उलटले, आणि मला ते सापडले. मी मोठ्याने वाचले : ज्यावर रागवावे त्यावर, रागवावे त्या वेळी, जो रागावत नाही, तो शांत नव्हे, ती उणीव आहे. क्रोधाचाही मध्यबिंदू आहे, आणि त्याच्या अलीकडे राहणे हा दुर्गुणच होय.

"ग्राह्य," मी म्हणालो. "ग्राह्य! हे आयुष्य परिपूर्ण नाही. ठराव रद्द."

सुटकेचा निःश्वास सर्व अंगणातून निघाला. परंतु आतून काही आवाज येईना. गुणाबाई तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग बाज करकरली. देवाजीभाऊ भिंतीला धरून दारात आले.

"म्हंजे मले रागवायचं बाकी आहे?" त्यांनी विचारले.

"होय, भाऊ. पुष्कळ बाकी आहे."

"पन मले येत नाई ना जी."

"कोणासही जन्मतः येत नाही. पुनःपुन्हा करून अंगी मुरते."

त्यांनी विचार केला. "कोनावर करू?"

सर्व गावाने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी यंत्रामागे नव्हतो. मी एक पाऊल पुढे झालो. धैर्याच्या बाबतीत माझे जे काही आयुष्यभराचे असेल ते त्या एका पावलात खर्ची पडले.

देवाजीभाऊंनी काठी उगारली, मान ताठ केली, दोनदा तोंड उघडून मिटले आणि ओरडले, "शालिकराम! तुह्या... तुह्या मशिनीत कागद फसो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जमादारसाहेबही हसले. अंकुशने बापाला धरून बसवले आणि गुणाबाईंनी आत जाऊन चहा टाकला. देवाजीभाऊंनी दोन कप घेतले आणि तंबाखू मागितली. त्याच दुपारी माझ्या यंत्रात कागद फसला. ही गोष्ट मी कोठेही बोललो नाही. एका गावास एक संशयित पुरे.

तेव्हापासून देवाजीभाऊ रोज सकाळी तलावावर जाताना माझ्या दुकानासमोर थांबत आणि सराव करत. आरंभी ते मला शिव्या देऊन झाल्यावर "लागलं तं नाई ना जी?" असे विचारत. पुढे ते सुधारले. माझ्या अक्षरावर, माझ्या चालण्यावर, फलकावरून मी काढलेल्या कबुतरावर ते बोलू लागले. गिऱ्हाइके परत आली, ती बहुतांश हे ऐकण्यासाठीच. त्यातील काहींनी जाता जाता आधार कार्डाच्या प्रतीही काढल्या. माझ्या प्रतिष्ठेचे काय झाले, असे कोणी विचारील. तिचा मी सवयीने त्याग केला.

तथापि माझे भय गेले नव्हते. ते केवळ सकाळपुरते उरले होते. पाळीवरून काठीचा आवाज येईपर्यंत मी शटर पूर्ण वर करत नसे. शिवी कानी पडली की मी मोकळा श्वास घेऊन यंत्र चालू करी.

आणि एके सकाळी ते आले नाहीत.

पहिली बस गेली. दुसरी गेली. मी गिरजाकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले, आणि ती म्हणाली, "जा जी. लवकर जा." मी चपला न घालता निघालो. पाळीवर डोंगा उपडा होता. पाण्यावर कोणी नव्हते. देवाजीभाऊंच्या घराशी येईतो माझ्या मनात हार, समई, अंकुशचा शांत आवाज, सर्व काही एकदम फिरून गेले. आणि खरे सांगतो, त्यात शेवटी अंकुशचे व जमादारसाहेबांचे भय उरलेच नव्हते. फक्त तो मनुष्य नसला तर, एवढेच उरले होते.

कुंपणाशी पोहोचताच आतून आवाज आला. तो रागावलेला होता, आणि चांगल्या प्रतीचा होता.

देवाजीभाऊ ओसरीत उभे होते. समोर भिंतीवर त्यांच्या मातोश्रींचे जुने, धुरकटलेले छायाचित्र होते. काठी छायाचित्राकडे रोखलेली होती.

"काऊन बोलली तू तिले? आं? तिच्या बापाचं नाव काऊन घेतलं? थे माही बायको होती! तुले शोभलं का, माय? अन् मी बी तिथीच बसून होतो, मले काई वाटलं नाई. पन आता मी बोलन. आज बोलनच!"

गुणाबाई अंगणात पाटावर बसून विळीवर मासे चिरत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांचे हात मात्र थांबले होते, आणि विळीवर एक पाण्याचा थेंब पडला. "हळू बोला जी," त्या म्हणाल्या, "लोक आयकतेत."

"आयकू दे!" देवाजीभाऊ गरजले.

योग्य व्यक्तीवर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात. योग्य वेळी म्हणता येणार नाही. परंतु ते पंडितही आमच्या तलावावर राहिलेले नव्हते.

तेवढ्यात त्यांची नजर कुंपणाबाहेर गेली. धापा टाकत, अनवाणी उभा असलेला मी त्यांना दिसलो. काठी तशीच रोखलेली ठेवून ते म्हणाले,

"थांबा जी, शालिकभाऊ. तुमचा लंबर मंग आहे."

मी कुंपणाबाहेर उभा राहिलो.